मोरीचं पाणी जातं कुठं?

"पाणी नालीत गेलं, मग पुढं?"

हा प्रश्न लहान मुलं विचारतात. मोठ्यांना तो पडत नाही, कारण त्यांच्या लेखी नाली हेच उत्तर असतं. वर्ध्याकडे गटाराला नाली म्हणतात. दारापुढून ती वाहते, काडीकचरा काढला की दोन दिवस बरी वाहते, पुढच्या वळणावर दिसेनाशी होते आणि तिथंच आपला तिच्याशी संबंध संपतो.

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर नकाशात सापडतं. नाली नाल्याला मिळते, नाला नदीला. धाम वणेला मिळते, वणा वर्धेला. वर्धा पुढं वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. म्हणजे पवनारच्या एखाद्या घरात भांडी घासलेल्या पाण्याला समुद्र गाठायचा तर धाम, वणा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा पाच नद्यांतून जावं लागतं. वाटेत याच नद्यांतून गावंच्या गावं पिण्याचं पाणी उचलतात. वर्धा शहराचं पिण्याचं पाणीही धाममधूनच येतं. वरच्या गावाची मोरी आणि खालच्या गावाचा नळ यांच्यामध्ये काही मैलांची नदी, एवढंच काय ते अंतर.

आता या काही मैलांत पाणी स्वच्छ होतं की नाही? होत असेल तर कोण करतं? आणि नदीवर हे काम न ढकलता आपण आधीच ते कसं करून घेऊ शकतो? या प्रकरणात एवढंच पाहायचं आहे.

१. बादलीत नेमकं काय असतं?

आधी हिशेब. जलजीवन मिशनमध्ये गावात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे; शहरासाठी १३५ लिटर धरतात. त्यातलं सुमारे ८० टक्के पाणी वापरून बाहेर पडतं असं अभियंते मानतात. पाच जणांचं घर घ्या. गावात २७५ लिटर आत येतं, २२० लिटर बाहेर जातं. शहरात ६७५ आत, ५४० बाहेर. दोनशे लिटरचा निळा ड्रम डोळ्यांपुढं आणा. गावातलं घर रोज एक ड्रम भरून थोडं सांडेल एवढं, तर शहरातलं घर पावणेतीन ड्रम घाण पाणी दाराबाहेर सोडतं.

घाण म्हटलं खरं, पण या पाण्यात घाण किती असते? हजार लिटरमागं किलोभर. बाकीचे नऊशे नव्याण्णव लिटर निव्वळ पाणीच असतं. मैलापाणी शुद्ध करणं म्हणजे या हजारातला एक काढणं. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी, की तो एक भाग एकाच जातीचा नाही. त्यात वाळू-माती असते, ती तळाशी बसते. तेल-तूप असतं, ते वर तरंगतं. शितं, भाजीचे तुकडे, केस असतात, ते जाळीत अडकतात. पण विष्ठा, लघवी, साबण, डाळीचं पाणी, दुधाची धुवण यांतलं बरंचसं पाण्यात विरघळलेलं किंवा इतकं बारीक असतं, की ना ते बसतं, ना तरंगतं, ना गाळता येतं. चहातली साखर गाळणीनं निघत नाही, तसंच हे.

आणखी एक भेद ध्यानात ठेवायचा. न्हाणीचं, भांड्याकुंड्यांचं, कपड्यांचं पाणी ते सांडपाणी. संडासाचं ते मैलापाणी. पहिलं जास्त, पण गरीब. दुसरं थोडं, पण रोगजंतूंनी भरलेलं. ही दोन पाणी घरातच वेगळी ठेवली तर पुढचं निम्मं काम सोपं होतं. शहरातल्या घरात ती बहुधा एकाच पाइपात जातात, आणि मग सगळंच मैलापाणी होतं. गावातल्या घरात अजून वेगळी आहेत, आणि ही गावाची मोठी सोय आहे.

२. एका बादलीला किती नदी लागते?

पाणी किती घाण आहे हे रंगावरून किंवा वासावरून ठरत नाही. मोजायचं माप वेगळंच आहे: ते पाणी किती प्राणवायू खाईल?

प्राणवायूचा इथं काय संबंध? संबंध असा. नदीतले सूक्ष्मजीव आपण टाकलेलं खरकटं खातात. खाताना ते श्वास घेतात, आणि श्वासाला लागणारा प्राणवायू पाण्यात विरघळलेलाच असतो. मासेही त्याच साठ्यावर जगतात. खरकटं जास्त झालं की सूक्ष्मजीवांची पंगत वाढते, साठा संपतो आणि मासे गुदमरतात. मासे घाणीनं मेले असं आपण म्हणतो. खरं तर ते श्वास कोंडून मेलेले असतात.

हे आकड्यांत पाहू. घरगुती मैलापाण्याचा एक लिटर साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू मागतो. आपण २५० धरू. पंधरा लिटरची बादली असेल तर मागणी झाली ३,७५० मिलिग्रॅम. इकडं तीस अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागं साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. आता ३,७५० ला साडेसातनं भागा. उत्तर ५००. एक बादली मैलापाणी ५०० लिटर स्वच्छ नदीतला सगळा प्राणवायू फस्त करू शकतं. नदी हवेतून नवा प्राणवायू घेत असते, त्यामुळं प्रत्यक्षात लगेच असं घडत नाही. पण वैशाखात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, धामचा प्रवाह रोडावतो आणि पाणी जितकं गरम तितका प्राणवायू कमी मावतो. म्हणजे नदी नेमकी अशक्त असते तेव्हाच आपली बादली तिला सगळ्यात जड जाते.

हेच पाणी प्रक्रिया करून सोडलं तर? २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला महानगरांत लिटरमागं २० आणि इतर शहरांत ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. ३० धरलं तर त्याच बादलीची मागणी ४५० मिलिग्रॅमवर येते. म्हणजे ५०० लिटरऐवजी ६० लिटर नदी पुरते.

या मापाची एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये ते ठरलं तेव्हा नमुना पाच दिवस साधारण अठरा अंशांवर ठेवून प्राणवायू किती घटला ते बघायचे. तिथल्या नद्यांचं पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतं, म्हणून पाच दिवस, असं त्याचं कारण सांगतात. आपल्याकडे हीच चाचणी सत्तावीस अंशांवर तीन दिवस करतात. उन्हात आंबवण लवकर फुगतं, तसंच आपल्या हवेत सूक्ष्मजीवांचं कामही झपाट्यानं होतं. फुकटात मिळालेली ही ऊब हा आपला मोठा फायदा आहे. थंड देशांना तो नाही.

३. हवेतले आणि कोंडलेले

सफाई करणारे हे सूक्ष्मजीव दोन जातींचे. एक हवेत राबणारे. त्यांना प्राणवायू लागतो, ते भराभर खातात आणि त्यांच्या कामाला वास जवळजवळ येत नाही. दुसरे कोंडलेल्या जागेत राबणारे. त्यांना प्राणवायू नको. ते संथ असतात आणि मागं मिथेन व सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. नालीला वास सुटतो तेव्हा समजायचं की पहिल्यांचा श्वास संपला आणि दुसऱ्यांचं राज्य सुरू झालं. ताजं मैलापाणी एवढं घाणेरडं वासत नाही. साचलेलं वासतं.

ही गोष्ट वर्ध्याच्या मातीत फार पूर्वी कुणीतरी ओळखली होती. १९३० च्या दशकात गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. जवळच्या सिंदीत लोक रस्त्याच्या कडेला शौचाला बसत. महादेवभाई देसाई, मीराबेन आणि इतर सोबती बादल्या आणि फावडी घेऊन तिथं सफाईला जात. त्याच काळात गांधीजींनी 'हरिजन'मध्ये मैला पुरण्याविषयी लिहिलं. पूर नावाच्या इंग्रज डॉक्टरांच्या ग्रामीण आरोग्यावरच्या पुस्तकाचा त्यांनी आधार घेतला होता. सांगणं असं, की मैला नऊ ते बारा इंचांपेक्षा खोल पुरू नये. का? कारण वरच्या थरात हवा आणि उजेड पोचतो, सूक्ष्म जीव खच्चून भरलेले असतात आणि ते थोड्या दिवसांत मैल्याची माती करतात. खोल पुरला की तो नुसता कोंडून राहतो. वरच्या परिच्छेदातल्या दोन जातींचाच हा व्यवहार आहे, फक्त प्रयोगशाळेऐवजी कुदळीच्या भाषेत सांगितलेला.

गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले, पुढं १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. विनोबा १९४६ पासून पवनारहून चालत सुरगावला सफाईला जात. तिकडं कोकणात अप्पासाहेब पटवर्धन कणकवलीच्या गोपुरीत खताचे संडास करून पाहत होते. या मंडळींनी मैल्याच्या खताला सोनखत म्हटलं. हे काम आपल्याकडे जन्मावरून एका समाजाच्या माथी मारलेलं होतं, म्हणून आश्रमवासीयांनी फावडं हाती घेण्याला महत्त्व होतं. पण त्या समाजाच्या हातातलं फावडं त्यानं सुटलं नाही, हेही खरं. या विषयाकडं मी शेवटी परत येणार आहे.

४. मँचेस्टरचं विरजण

आता शहराकडे. शहराला मैला पुरायला जागा नाही आणि पाणी तर लाखो लिटर. इथं सूक्ष्मजीवांकडून काम उरकून घ्यायचं ते टाकीत, तासांच्या हिशेबानं. ही युक्ती सापडली १९१४ मध्ये, इंग्लंडात मँचेस्टरला.

एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी बाटल्यांत मैलापाणी भरून त्यातून हवेचे बुडबुडे सोडले. पाणी पूर्ण शुद्ध व्हायला पाच-सहा आठवडे लागले. एवढा वेळ कुणाला आहे? मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचं नितळ पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ मात्र टाकला नाही. त्याच गाळावर नवं मैलापाणी ओतलं. यावेळी वेळ कमी लागला. पुन्हा तसंच केलं, आणखी कमी लागला. होता होता आठवड्यांचं काम दिवसाच्या आत येऊन ठेपलं.

आपल्या घरात हे रोज घडतं. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात घातलं की रात्रीत दही लागतं. विरजण नसेल तर दूध नासेल, दही होईल याचा नेम नाही. तळाचा गाळ म्हणजे पोसलेल्या सूक्ष्मजीवांचं विरजण. आज जगातली बहुतेक मोठी मैलापाणी केंद्रं या विरजणावरच चालतात. या दोघांना ती दिशा दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढं १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं.

अशा केंद्रात शिरलेल्या पाण्याबरोबर आपणही चालू. पहिल्यांदा लोखंडी जाळी लागते. तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, कधी लहान मुलाची चप्पल अडकते. हे मोरीतून जायला नकोच होतं. मग एक अरुंद टाकी, जिथं पाण्याचा वेग इतका ठेवतात की वाळू खाली बसेल आणि हलका मैला पुढं जाईल. तांदूळ धुताना खडा तळाला राहतो तसं. त्यानंतर मुख्य टाकी. तळातून हवा सोडलेली, तपकिरी पाणी खदखदताना दिसतं. उकळत्या आमटीसारखं दिसलं तरी हात लावला तर थंडच. इथं काही तास सूक्ष्मजीव विरघळलेलं खरकटं खातात आणि स्वतः वाढतात, त्यांचे पुंजके होतात. विरघळलेली साखर गाळणीनं निघत नाही म्हटलं होतं ना? इथं ती साखर मुंग्यांनी खाऊन टाकली, आणि मुंग्या गाळणीत अडकतात!

मुंग्या गाळण्याचं काम पुढच्या संथ टाकीत होतं. पुंजके तळाला बसतात, वरून नितळ पाणी काठावरून ओघळतं. तळाच्या गाळाचा काही भाग विरजण म्हणून मागं जातो, उरलेला वाळवतात किंवा बंद टाकीत कुजवून त्यातून गॅस काढतात. नितळ पाण्यात रोगजंतू असतातच, म्हणून शेवटी क्लोरीन देतात.

या सगळ्यात जीव जातो तो विजेत. हवा सोडणारे पंप दिवसरात्र चालावे लागतात, आणि केंद्राच्या वीजबिलातला सगळ्यात मोठा वाटा त्यांचा असतो. पंप बराच वेळ बंद राहिले की विरजण मरतं, मग केंद्र म्हणजे नुसती खोल टाकी. फीत कापायला पाहुणे मिळतात, दर महिन्याचं बिल भरायला पैसे मिळत नाहीत. माझ्या मते केंद्राचं यश उद्घाटनाच्या फलकावर बघू नये, पाचव्या वर्षीच्या वीजबिलावर बघावं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघतं असं दिलं आहे. प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१, आणि खरोखर प्रक्रिया होत होती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. म्हणजे उभारलेल्या क्षमतेतलीही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पडून होती. शेजारच्या नागपुरात वेगळा मार्ग निघाला. भांडेवाडीच्या केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. पाण्याला गिऱ्हाईक मिळालं की केंद्र चालू ठेवण्यात कुणाचा तरी स्वार्थ तयार होतो.

वर्ध्यात अमृत योजनेतून भुयारी गटारासाठी रस्ते खोदले गेले. धूळ खाल्लेल्या वर्धेकरांना त्याची वेगळी आठवण करून द्यायला नको. पण शहराला बिलगून असलेल्या पिपरी मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे, नालवाडी या वस्त्या ग्रामपंचायती आहेत. दिसायला शहर, कारभारानं गाव. तिथं, आणि जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत, मैलापाण्याचं जे काय करायचं ते अंगणातच. म्हणून पुढचे भाग जास्त कामाचे.

५. "आमची टाकी वीस वर्षांत भरलीच नाही!"

हे वाक्य अभिमानानं सांगितलं जातं. ऐकलं की मला काळजी वाटते.

सेप्टिक टाकी कशी चालते ते बघू. तापवलेलं दूध निवलं की वर साय धरते. टाकीतही वर तेला-साबणाची साय येते, तळाला गाळ बसतो, मध्ये बऱ्यापैकी नितळ पाणी राहतं. बाहेर जाणारा पाइप नेमका या मधल्या थरातून काढलेला असतो. आत कोंडलेल्या जातीचे सूक्ष्मजीव गाळ हळूहळू पचवतात. पूर्ण नाही, काही भाग. उरलेला वर्षागणिक वाढत जातो. दोन-तीन वर्षांत तो इतका चढतो की पाण्याला थांबायला जागाच उरत नाही. मग एका बाजूनं आलेलं पाणी दुसऱ्या बाजूनं तसंच निघून जातं.

त्यामुळं वीस वर्षांत न भरलेल्या टाकीचे दोनच अर्थ. एक तर तिला तळ नाही, ती टाकी म्हणजे शेजारच्या विहिरीत पाझरणारा खड्डा आहे. नाही तर तिचा गाळ केव्हाचाच नालीत जाऊ लागला आहे.

आणि चांगल्या टाकीतून निघालेलं पाणीही शुद्ध नसतंच. निम्मी-अधिक घाण आणि जवळजवळ सगळे रोगजंतू त्यात शिल्लक असतात. टाकी हा पहिला टप्पा आहे, पुढं ते पाणी जमिनीत मुरायला हवं. आपण बहुतेक ठिकाणी तो पाइप सरळ नालीत काढून मोकळे होतो.

याचा एक परिणाम वर्ध्यानं पायांवर भोगला आहे. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. तुंबलेली नाली आणि सेप्टिक टाकी ही त्याची आवडती घरं. वर्धा हा हत्तीरोगाचा जिल्हा आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगावर कित्येक दशकं संशोधन झालं. आरोग्य कर्मचारी समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावतात ते याचसाठी. गोळी गिळाच. पण त्याबरोबर टाकीच्या वाफेच्या नळीला वर जाळी बांधा. नळीच्या तोंडातून रात्री डास किती निघतात हे बघायचं असेल तर त्या तोंडावर पातळ कापड बांधून सकाळी पाहा.

६. काळी माती, मुरूम आणि शोषखड्डा

गावातल्या घरासाठी सेप्टिक टाकीपेक्षा दोन खड्ड्यांचा संडास बरा. खर्च कमी, अक्कल जास्त. एक मीटर रुंद, एक मीटर खोल असे दोन गोल खड्डे. आतून जाळीदार वीटकाम, तळ उघडा. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. माणशी वर्षाला ४० ते ४५ लिटर गाळ साठतो. खड्ड्यात मावतं ७८५ लिटर. पाच माणसांचं वर्षाचं झालं २२५ लिटर, म्हणजे खड्डा साडेतीन वर्षांनी भरेल. मग चेंबरमधल्या एका तोंडाला बोळा घालून पाणी दुसऱ्या खड्ड्याकडं वळवायचं आणि पहिल्याला दीड-दोन वर्षं हात लावायचा नाही. उघडाल तेव्हा आत चहापत्तीसारखी भुसभुशीत, बिनवासाची माती असते. रोगजंतू उपाशी मेलेले असतात. सोनखत ते हेच.

विहीर किंवा हातपंप मात्र किमान दहा मीटर लांब हवा, आणि भूजल वर असेल तर त्याहूनही लांब.

न्हाणीच्या पाण्याला शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी असे खड्डे करून नाल्या बंद केल्या. 'नांदेड पॅटर्न', 'मॅजिक पिट' या नावांनी तो राज्यभर गाजला. खड्ड्याच्या मधोमध वरच्या बाजूला भोकं असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. गाळ टाकीत बसतो, पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून मातीत.

पण जसंच्या तसं उचलून वर्ध्यात बसवाल तर फसाल. आपली काळी माती कापसाला सोनं, शोषखड्ड्याला वैरीण. ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वर उभं राहतं. शोषखड्डे केले, पावसाळ्यात भरून वाहिले, लोकांनी बुजवले, असं का घडतं याचं कारण बहुधा इथं असतं. उपाय अवघड नाही. काळा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत जायचं. थर किती जाड आहे हे गावातल्या विहीर खोदणाऱ्याला पाठ असतं, त्याला विचारा.

शंका असेल तर चाचणी करा. खड्डा जिथंवर जाणार त्या खोलीवर फूटभराचं छोटं भोक घ्या. त्यात पाणी भरा, रात्रभर मुरू द्या. सकाळी परत भरा आणि काडीला खूण करून घड्याळ लावा. पाणी इंचभर उतरायला अर्ध्या तासाहून कमी वेळ लागला तर बिनधास्त खड्डा करा. तासाहून जास्त लागला तर तिथं पैसे घालू नका, पुढचा भाग वाचा.

७. न्हाणीमागचा धोपा

जुन्या घरांत न्हाणीचं पाणी परसात जाई आणि तिथं धोपा फोफावलेला असे. पुण्याकडच्यांनी अळू वाचावं. शेजारी केळ, कर्दळ. कुणी याला सांडपाणी व्यवस्थापन म्हटलं नाही. पोळ्याला, गणपतीला वड्या झाल्या, एवढंच.

नागपूरच्या निरी या संस्थेनं हीच कल्पना शास्त्रशुद्ध करून 'फायटोरिड' नावाची पद्धत तयार केली. लांबट, तळ पक्का केलेला चर, त्यात खडी, खडीत कर्दळ, पाणकणीस अशी पाण्याला न कंटाळणारी झाडं. पाणी खडीच्या आतून, पृष्ठभागाखालून संथ सरकतं. पाणकणसासारख्या झाडांच्या पोकळ देठांतून मुळांशी हवा पोचते, तिथं हवेतल्या जातीचे सूक्ष्मजीव बसतात. दोन बोटं पलीकडं हवा नाही, तिथं दुसऱ्या जातीचे. दोघे मिळून खरकटं संपवतात आणि झाडं नत्र-स्फुरद उचलतात. वीज जवळजवळ लागत नाही. पाणी उघड्यावर नसल्यानं डासही होत नाहीत. जागा मात्र लागते, आणि ती गावात असते. काळ्या मातीत मुरत नाही ही अडचण इथं उरतच नाही.

नत्र-स्फुरदाचं नाव आलं म्हणून सांगतो. तलावावर, बंधाऱ्यावर जलपर्णीची हिरवी सतरंजी पसरलेली दिसली की ती उपटायची कंत्राटं निघतात. ती परत येते. यायचीच, कारण तिला खत वरून चालूच असतं. जलपर्णी जिथं माजते तिथं वरच्या बाजूला कुणाचं तरी सांडपाणी किंवा शेतातलं खत येतंय, असं खुशाल समजावं.

घरच्या चरासाठी दोन सूचना. पाणी आत जाण्याआधी छोटं चेंबर करून त्यात शितं आणि तेल अडवा, नाही तर खडी तुंबते. आणि संडासाचं पाणी येत असेल तर तिथला धोपा खाऊ नका. कर्दळ लावा, फुलं तरी मिळतील.

८. झाकण

आता एक काम. बाहेर जा आणि आपल्या सेप्टिक टाकीचं झाकण शोधा. अनेक घरांत ते फरशीखाली गेलेलं असतं, वर तुळशीवृंदावन किंवा मोटरसायकल उभी असते. शेवटचं कधी उघडलं ते आठवा. तीन वर्षं उलटली असतील तर उपसणारी गाडी बोलवा. सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या नगरपालिकांनी ठरावीक वर्षांनी घरोघरीच्या टाक्या पाळीनं उपसायची पद्धत सुरू केली. आपल्या ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला तेच मागा. उपसलेला गाळ कुठं नेऊन ओतणार हेही गाडीवाल्याला विचारा.

आणि, शेवटी परत येईन म्हणालो होतो तो विषय हा: माणूस आत उतरवू नका. गाडी मिळत नाही, पाचशे रुपयांत कुणी तरी तयार होतो, असं कितीही वाटलं तरी नाही. कोंडलेल्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना वासतो. जास्त झाला की नाकच बधिर करतो, त्यामुळं उतरणाऱ्याला धोका कळतच नाही. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवणं हा गुन्हा आहे आणि उतरवणारा घरमालकही त्यातून सुटत नाही.

टाकी उपसून झाली की तारीख झाकणाशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवा.